नाकाची हजेरी

"ती ओळ काढून टाक," उपासनी सर म्हणाले.

"कुठली ओळ?"

"वेड पांघरून पेडगावला जाऊ नकोस, वृषाली. कुठली ते तुला चांगलं ठाऊक आहे."

ठाऊक होतं. ती ओळ मीच लिहिली होती, सी या प्रोग्रामिंगच्या भाषेत, आणि लिहून झाल्यावर स्वतःवर खूश होऊन एक चहा जास्तीचा प्यायले होते. समोरच्या स्क्रीनवर ती तेव्हाही उघडीच होती. मी ती झाकली नाही.

आमची कंपनी म्हणजे नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका शेडचा पोटमाळा आणि तिथे बसणारी मोजकी माणसं. द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला लागणारी नियंत्रणाची पेटी आम्ही बनवायचो. पेटीच्या पोटात बारके बारके प्रोग्राम चालत. एक थंडी मोजणारा, एक कॉम्प्रेसर सांभाळणारा, एक भोंगा वाजवणारा. हे सगळे जिच्यावरून एकमेकांशी बोलत तिला बस म्हणतात. मला मात्र ती गावच्या चावडीसारखी वाटे. यायचं, नाव सांगायचं, आपलं म्हणणं मांडायचं. चावडीवर कोण येऊन बसलंय आणि कोण उठून गेलंय यावर नजर ठेवणं हे माझं काम.

या मंडळींतल्या एकाचं नाव आम्ही 'नाक' ठेवलं होतं. कोल्ड स्टोरेजमध्ये गारवा येतो तो अमोनियाच्या पाइपांतून. पाइप फुटला तर तो वायू माणसाला धड ओरडूही देत नाही. डोळे जातात, छाती जाते. म्हणून हॉलच्या छताला अमोनिया हुंगणारं यंत्र बसवलेलं, आणि त्याला काय कळलं ते चावडीवर येऊन सांगणारा प्रोग्राम म्हणजे नाक. माझी ओळ म्हणायची, नाक चावडीवरून उठून गेलं, मग कारण काही का असेना, भोंगा वाजवा, अमोनियाची झडप मिटवा, कॉम्प्रेसर थांबवा. आणि माणसाने येऊन, बघून, चावी फिरवल्याशिवाय पुन्हा सुरू करू नका.

"गेल्या आठवड्यात दगूनानांचा प्लांट कितीदा बंद पडला, मोजलंस?" सर म्हणाले.

"नाक कितीदा पडलं ते मोजलं. तितक्यांदाच."

"पडलं तरी लगेच उठतं ना? भूषणने तशी सोय केलीय. मग थांबायचं कशाला?"

"उठेपर्यंत हुंगणार कोण?"

पलीकडच्या टेबलावर भूषण सोनजे की-बोर्डची धूळ पुसायला लागला. नाक त्याचं होतं. कॉम्प्रेसर सुरू होताना तारेत झटका यायचा आणि त्याचा प्रोग्राम कोसळायचा. तो म्हणे दोष वायरिंगचा आहे, वायरमन म्हणे प्रोग्रामचा. भूषण माझा कॉलेजातला वर्गमित्र. हुशार, पण गोड बोलून वेळ मारून नेणारा.

"हे बघ," सर जवळ खुर्ची ओढून बसले. "नाना म्हणजे तालुक्यातलं मोठं प्रस्थ. पुढच्या गुरुवारी ते बाकीच्या सगळ्या कोल्ड स्टोरेजवाल्यांना पेटी दाखवायला बोलावतायत. त्यांनी नावाजली तर आपण तरलो. त्यांनी उखडून फेकली, तर हा पोटमाळा रिकामा करून घरी जायचं. आणि ऐन सीझनमध्ये सारखा भोंगा वाजला, माल तापला, तर ते नावाजतील का?"

उपासनी सर वाईट माणूस नव्हते. असते तर माझं फार सोपं झालं असतं. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी ते स्वतः गाडी घेऊन दारात हजर झाले होते. अशा माणसाला नाही म्हणताना जीभ जड होते. झालीच.

"ओळ माझ्या हाताने निघणार नाही, सर."

"मग कोणाच्या हाताने निघेल?"

"ज्याला काढायचीय त्याने काढावी. आणि खाली स्वतःचं नाव घालावं."

ती आमच्याकडची पद्धतच होती. कोडला जो हात लावेल त्याचं नाव त्या बदलाखाली उमटायचं, कायमचं. सरांनी भूषणकडे बघितलं. भूषणने की-बोर्ड उलटा करून झटकला. त्या दिवशी कोणीच ओळीला हात लावला नाही.

पुढे गंमत झाली. नानांचा प्लांट थांबायचा थांबला. एकदाही भोंगा नाही. नानांनी खूश होऊन थॉमसन द्राक्षांची पेटी पाठवली आणि आम्ही सगळे घड हातात घेऊन उभ्याउभ्या खात होतो.

"नाक सुधारलं वाटतं," मी भूषणला म्हटलं.

"सुधारलं एकदाचं."

"कसं रे?"

"घे ना, द्राक्षं घे. बघ कशी साखर आहे."

मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडा रागही आला. ओळ काढा म्हणून माझ्या डोक्यावर बसलेल्यांपैकी कोणीही, तुझंच बरोबर होतं असं म्हणायला तयार नव्हतं.

गुरुवारी सकाळी सर, भूषण आणि मी पिंपळगावच्या अलीकडच्या फाट्याला वळून नानांच्या प्लांटवर पोचलो. अंगणात मांडव, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, मागे रश्शाची चूल पेटलेली. सर नानांबरोबर पाहुण्यांच्या चहाचं बघायला गेले. मी पॅकिंगच्या हॉलमध्ये शिरले.

आत बायकांच्या रांगा. साडीवर पुरुषी स्वेटर, कानाला फडकं, बोटं गारठून लाल झालेली. घड उचलायचा, कात्रीने खराब मणी काढायचे, डब्यात बसवायचा. सगळ्या सुरगाण्याकडच्या. सीझनभर प्लांटमागच्या खोल्यांत राहायच्या. त्यांची मुकादम यमुनाबाई गावित. काटक बाई, आवाज असा की हॉलच्या दुसऱ्या टोकाची कात्री थांबावी. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून हॉलची दारं लावलेली असत, आणि बायकांच्या डोक्यावरूनच अमोनियाचे पाइप गेलेले.

"ताई, तुमचा भोंगा बसला वाटतं," यमुनाबाई हसून म्हणाली. "बरं झालं. पहिल्यांदा लई पळालो आम्ही. नंतर नंतर पोरी हसायच्या."

"आता वाजला तर पळाल का?"

"पळू की. वाजला तर पळायचंच."

मी कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले. माझी एक खोड आहे. कोणी 'चालतंय' म्हटलं की मला ते मोडून बघावंसं वाटतं. पाहुणे यायच्या आधी एकदा भोंगा वाजवून बघू, म्हणून मी पेटी उघडली आणि नाकाची केबल उपसली.

काहीच झालं नाही.

केबल माझ्या हातात लोंबत होती आणि पेटीच्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं, नाक: हजर, गळती: शून्य.

मी लॅपटॉप जोडला आणि चावडीवर कोण कोण बसलंय ते विचारलं. सगळी नावं जागच्या जागी. 'नाक'सुद्धा. मग मी नावं सोडली आणि क्रमांक बघितले. चावडीवर नाव कोणालाही घेता येतं, पण येणाऱ्या प्रत्येकाला बस स्वतःचा एक क्रमांक देते, आणि तो दुसऱ्याला कधी मिळत नाही. 'नाक' या नावामागे जो क्रमांक होता तो नाकाचा नव्हताच. भलताच एक प्रोग्राम ते नाव लावून बसला होता. मी तो उघडून बघितला. इवलासा होता. तो काही हुंगत नव्हता, त्याला केबल लागत नव्हती. कोणी विचारलं की तो म्हणायचा, हजर, गळती शून्य. बस्स.

बसवर एका नावाचा धनी एकच असतो, पण त्या नावासाठी मागे रांगेत उभं राहायची मुभा असते. पहिला पडला की दुसरा त्याच क्षणी गादीवर. मध्ये फट म्हणून राहत नाही. माझी ओळ वाट बघायची ती नाव रिकामं पडण्याची. ते पडतच नव्हतं.

भूषण दाराशी आला. कॉम्प्रेसरच्या धडधडीत ओरडूनच बोलावं लागायचं.

"हे काय आहे?" मी लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला.

त्याने बघितलं आणि कसंनुसं हसला. "प्रॉक्सी आहे गं नुसती."

कॉलेजात आमच्या वर्गात ही रीतच होती. निम्मा वर्ग होस्टेलवर झोपलेला आणि हजेरीला मात्र एकूण एक 'येस सर'. एकेक जण तीन-तीन आवाज काढायचा. भूषण त्यात उस्ताद.

"टेस्टिंगपुरती लिहिली होती," तो म्हणाला. "सर म्हणाले राहू दे. तुझ्या ओळीला मी हातसुद्धा लावला नाही, बघ. जशीच्या तशी आहे."

"खरं नाक कुठेय?"

तो वाकून उपसलेली केबल परत खोचायला लागला.

"भूषण, मी केबल उपसली तेव्हा काहीच बदललं नाही. म्हणजे ते आधीपासूनच नव्हतं. कधी गेलं?"

"शनिवारी," तो म्हणाला. "ते वरचं यंत्रच जळलं. त्याच्याशिवाय प्रोग्राम उठत नाही. नवीन आणलंय मी, गाडीत आहे. कार्यक्रम झाला की बसवतो. एवढं काय?"

शनिवारपासून त्या बायका पाइपांखाली बसून मणी कातरत होत्या आणि छतावरचं यंत्र मेलेलं होतं. मला असा संताप आला की कान तापले. ओळ काढली असती तर निदान तिथे एक नाव तरी उमटलं असतं. इथे ओळ शाबूत होती, माझ्या नावानिशी, आणि तिच्या डोळ्यांत धूळ फेकून सगळं बिनबोभाट चाललं होतं.

तेवढ्यात सर आणि दगूनाना आत आले. नानांच्या डोक्याला गुलाबी फेटा, हातात हार.

"मॅडम, चला बाहेर. गाड्या आल्या फाटकात," नाना म्हणाले. "तुमची पेटी आता कशी गुणाची झालीय! आधी नवी नवरी होती, जरा काही झालं का रुसायची."

"नाना, हॉलमधल्या बायकांना बाहेर काढा," मी म्हणाले.

"का?"

"गळती सांगणारं यंत्र जळलंय. शनिवारपासून."

नानांनी सरांकडे बघितलं. सरांनी डोळे मिटून उघडले. त्यांना माहीत होतं. ते मला तेव्हा पुरतं कळलं.

"गळती हाये का पण?" नानांनी विचारलं.

"माहीत नाही. तेच तर सांगतेय. कोणालाच माहीत नाही."

"नसंलच मग. वास तर नाय येत." नाना हलकं हसले. "आवं, बाया बाहेर काढल्या तर पाहुण्यांना काय रिकामी टेबलं दाखवू? दोन घंट्यांचा प्रश्न हाये. जेवणं होऊ द्या, मग काय ते करा."

"वृषाली," सर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "दुपारी मी स्वतः उभा राहून नवीन बसवून घेतो. शब्द देतो. आत्ता नको. हात जोडतो तुला."

त्यांनी खरंच हात जोडले. वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी याच हातांनी त्यांनी मला पाण्याची बाटली दिली होती. मला रडू फुटेल असं वाटलं. मी रडले नाही. खाली बघितलं आणि त्या खोट्या नाकाचा क्रमांक टाइप करून त्याला संपवला.

चावडीवरचं एक नाव रिकामं पडलं. माझी ओळ जागी झाली.

भोंगा असा कडाडला की नानांच्या हातातला हार गळून पडला. झडप मिटली, कॉम्प्रेसर धापा टाकत थांबला. पलीकडे हॉलची दारं धाडधाड उघडली आणि यमुनाबाईचा आवाज भोंग्यावरही चढला, "उठा गं! कात्र्या टाका! पळा!" बायका अंगणात सांडल्या, पांढऱ्या खुर्च्यांमधून, नुकत्याच गाड्यांतून उतरलेल्या पाहुण्यांमधून, चुलीच्या बाजूने. कोणी हसत नव्हतं.

पेटी पुन्हा सुरू करायची चावी पेटीलाच लटकलेली असे. मी ती काढून मुठीत घेतली, भोंगा बंद केला आणि बाहेर आले. मागोमाग नाना.

"चावी द्या मॅडम."

"नवीन यंत्र बसू द्या, मग देते."

"माल तापंल माझा!"

"तापू द्या."

"कोण तुम्ही? माझ्या प्लांटमध्ये मला सांगणार?" नानांचा आवाज मांडवभर घुमला. पाहुणे जवळ सरकले. "उपासनी, काय पोरगी आणलीय तुम्ही?"

सरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "वृषाली, चावी दे नानांना. नाही तर उद्यापासून ऑफिसला येऊ नकोस."

"उद्यापासून कशाला, आत्तापासूनच येत नाही," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. चिरकू दे, म्हटलं.

यमुनाबाई धापा टाकत पुढे आली. "काय झालं वं ताई? फुटलं का कुठं?"

"नाही फुटलं."

"बघा!" नाना पाहुण्यांकडे वळले. "कुठं काय नाय, आन् उगंच तमाशा."

"फुटलं असतं तर तुम्हाला कळलं नसतं, यमुनाबाई," मी म्हणाले. "शनिवारपासून ते सांगणारं यंत्र बंद आहे. भोंगा बसला नव्हता, गप्प बसवून ठेवला होता."

यमुनाबाईने आधी माझ्याकडे बघितलं, मग नानांकडे. बायका तिच्यामागे गोळा झाल्या होत्या. एकीच्या हातात अजून घड होता. तिला तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं.

"खरं का नाना?"

"यमुनाबाई, तू आत चल. काय व्हत नसतं. मी हाये ना."

"तुम्ही आत बसता का आमच्यासंगं?"

नानांनी फेटा सारखा केला. पाहुण्यांपैकी कोणीतरी खाकरलं.

मी चावी यमुनाबाईच्या हातात दिली. "हिच्याशिवाय प्लांट चालू होणार नाही. हे लोक नवीन यंत्र बसवतील. बसवलं म्हणतील, त्यावर विश्वास ठेवू नका. पाइप तपासायला अमोनियाच्या पाण्याची बाटली असते प्लांटवर. त्यात फडकं भिजवून काठीने यंत्राखाली धरायला लावा. भोंगा वाजला, तरच चावी द्या."

तिने चावी उलटीपालटी करून बघितली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि ती गाठ कमरेला खोचली.

"ऐकलं का गं?" ती बायकांना म्हणाली. "बसा खाली."

बायका बसल्या. मांडवात, जमिनीवर, पाहुण्यांच्या पायांशी. खुर्च्या मोकळ्याच राहिल्या. नाना ओरडले, मग समजावणीला आले, मग सीझनच्या शेवटी द्यायच्या साड्यांचं बोलले. यमुनाबाई मान हलवून सगळं ऐकत होती, जसं काही ते दुसऱ्या कोणाबद्दल चाललंय. भूषण गाडीकडे पळाला. तो इतक्या जोरात पळताना मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला.

सर माझ्याजवळ आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं. मी वाट बघितली नाही. लॅपटॉप कंपनीचा होता, तो त्यांच्या हातात ठेवला आणि फाटकाबाहेर पडले.

फाट्यापर्यंत उन्हात चालत गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. नोकरी गेली हे तेव्हा कुठे अंगावर यायला लागलं. घरी काय सांगायचं, वडिलांच्या औषधांचं कसं, काहीच सुचत नव्हतं. सुचत नव्हतं तरी एकदाही मागे वळून, चुकलं असं वाटलं नाही. आज इतक्या वर्षांनीही वाटत नाही. गळती नव्हती, हे पुढे सगळ्यांनी मला ऐकवलं. सरांनी, भूषणने, मुलाखती घेणाऱ्यांनीसुद्धा. नव्हतीच. मी कधी होती म्हटलंय?

फाट्यावरच्या टपरीच्या बाकावर बसून मी नाशिकच्या एसटीची वाट बघत राहिले. एक एसटी आली. कंडक्टरने घंटीला हात घालून विचारलं, "यायचंय का?" मी मानेनेच नाही म्हटलं. का ते मलाही सांगता आलं नसतं. टपरीवाला म्हातारा कपबशा विसळत माझ्याकडे बघत होता. दुसरी एसटी आली, तीही मी सोडली. ऊन कलायला लागलं.

आणि मग बागांवरून तो आवाज आला. लांब, सरळ, कडाडणारा. वाजत राहिला, वाजत राहिला. मग थांबला. थोड्या वेळाने कॉम्प्रेसरची धडधड सुरू झाली. इतक्या लांबूनही ती कळत होती.

"नानांकडं आज काय चाललंय काय?" म्हातारा वैतागून म्हणाला. "सकाळपासून नुसता भोंगा."

"काही नाही बाबा," मी म्हणाले. "बायका कामाला चालल्यात."